इंजिन ऑइलची पट्टी वाचता येते का? ‘समृद्धी’वर निघण्याआधीची पाच मिनिटांची तपासणी नेमकी कुठे चुकते

छत्रपती संभाजीनगरहून नागपूर किंवा मुंबईकडे निघणारी कार आता सावंगी किंवा माळीवाडा इंटरचेंजवरून ‘समृद्धी’वर चढते आणि काही मिनिटांत ताशी १२० किलोमीटरचा वेग गाठते. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमनेपर्यंत पूर्ण खुला झाला. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने या मार्गावर टायर तपासणी सुरू केली. टायरमधली हवा, टायरची झीज, नायट्रोजन की साधी हवा यावर लोक आता बोलतात, व्हॉट्सअॅपवर एकमेकांना बजावतात. इंजिनमध्ये ऑइल किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘सर्व्हिसिंग आताच झालंय.’

हे उत्तर पुरेसे नाही. ‘सर्व्हिसिंगला बदलले आहे’ ही एक गोष्ट आणि ‘आज पुरेसे आहे’ ही वेगळी. या दोन्हींतला फरक बॉनेटखालची पिवळ्या किंवा केशरी मुठीची एक पट्टी सांगते. तिला डिपस्टिक म्हणतात, गॅरेजमध्ये कुणी नुसते ‘गेज’ म्हणते. ती ओढून बघणाऱ्यांतही बरेच जण ती चुकीची वाचतात.

एके काळी ही सवय इथल्या रस्त्यावर होती. काळी-पिवळी जीप चालवणारे असोत की ट्रकवाले, सकाळी स्टार्टर मारण्याआधी ‘ऑइल-पाणी’ बघितल्याशिवाय गाडी हलत नसे. ते काही यंत्रशास्त्र शिकलेले नव्हते. जुनी इंजिने ऑइल खात, गळत आणि घाटात दगा देत, म्हणून बघावे लागे. नव्या गाड्या क्वचित दगा देतात, त्यामुळे बघणे सुटले. ज्या शहराच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळतात, ज्या शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेऊन देशभर मथळे मिळवले, त्या शहरात बॉनेट उघडण्याची कळ कुठे आहे हे माहीत नसलेले कारमालक सहज भेटतात.

लाल दिवा पेटेल, तेव्हा बघू?

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीच्या आकाराचा लाल दिवा ऑइल कमी झाल्याचा इशारा आहे, असे बहुतेकांना वाटते. तो पातळी मोजत नाही, दाब मोजतो. इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप ऑइल ओढतो आणि क्रँक, कॅमशाफ्ट, टर्बोपर्यंत दाबाने पोहोचवतो. त्या वाटेवरचा स्विच दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेला की दिवा पेटवतो. महामार्गाच्या वेगात इंजिनला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणजे दिवा पेटतो तेव्हा इंजिन कोरडे पडायला सुरुवात झालेली असते. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा सेन्सर असतो आणि तो पिवळा इशारा देतो, पण सगळ्या गाड्यांत तो नाही. आपल्या गाडीत तो आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय कळत नाही.

दिवा पेटण्याआधी एक मधली अवस्था असते आणि तीच फसवी. ऑइल किमान खुणेच्या खाली गेलेले असते, सरळ रस्त्यावर पंपाला ते मिळत राहते. दौलताबादचा घाट लागला, कन्नडच्या औट्रम घाटात वळणामागून वळण आले किंवा जोराचा ब्रेक लागला की चेंबरमधले ऑइल एका बाजूला धावते. पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते आणि तो ऑइलऐवजी हवा ओढतो. दिवा लुकलुकतो आणि विझतो. चालकाला वाटते, काहीतरी वायरचे असेल. टर्बो असलेल्या गाडीत हे क्षण अधिक महाग. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळशा थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की धातू धातूवर घासतो.

इंजिन सीझ झाले तर खर्च लाखाच्या घरात जातो. गाडीची नेहमीची विमा पॉलिसी यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे पूरक संरक्षण मुख्यतः पाणी शिरून किंवा अपघाती धक्क्याने ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी असते. मालकाने ऑइल बघितलेच नाही, म्हणून झालेले नुकसान त्यात सहसा बसत नाही. वॉरंटीचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो. आणि पैशापलीकडचा धोका वेगळाच आहे. भरधाव मार्गावर, रात्री, बंद पडलेली गाडी कडेला उभी असणे ही इथे कल्पनेतली गोष्ट नाही. वैजापूरजवळ १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून १२ जणांचा जीव गेला. तो ट्रक बिघाडामुळे थांबलेला नव्हता, पण मागून येणाऱ्याला गाडी का थांबली आहे याने काहीच फरक पडत नाही. ‘समृद्धी’वर थांबण्याची वेळ येऊ नये, हीच खरी काळजी.

सर्व्हिसिंग ते सर्व्हिसिंग ऑइल टिकत नाही का?

बहुतेक वेळा टिकते. पण टिकेलच, असे गाडी बनवणारी कंपनीही लिहून देत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांच्या अनेक मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खर्च होऊ शकते, असे स्पष्ट लिहिलेले असते. हा दोष नाही, ही मान्य मर्यादा आहे. वेगाने गाडी चालवणे, भर उन्हातले ओझे, नवे इंजिन, जुनी झालेली रिंग अशी कारणे असतात. पिस्टनच्या रिंगमागून थोडे ऑइल वर जाते आणि इंधनासोबत जळते. धूर दिसतोच असे नाही.

आता हिशेब करून पाहावा. संभाजीनगर ते नागपूर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन नऊशे. त्या कमाल दराने खर्च झाला तर एका फेरीत जवळजवळ अर्धा लिटर. बहुतेक कारमध्ये किमान आणि कमाल खुणेतले अंतर साधारण लिटरभराचे असते, छोट्या इंजिनात त्याहून कमी. म्हणजे काठोकाठ भरलेली गाडी दोन नागपूर फेऱ्यांत तळाच्या खुणेला टेकू शकते. सर्व्हिसिंगचे अंतर दहा-पंधरा हजार किलोमीटरचे. त्याच दराने दहा हजारांत पाच लिटर. छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइलच तीन-चार लिटर मावते.

बहुसंख्य गाड्या या कमाल दराच्या जवळपासही जात नाहीत, हे खरे. पण आपली गाडी कोणत्या गटात आहे, हे पट्टी न बघता कुणालाही सांगता येणार नाही. दर हजार किलोमीटरला किंवा महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास, एवढे बघणे पुरते.

गरम इंजिनात बघावे की थंड?

गॅरेजच्या कट्ट्यावर यावर वाद रंगतात आणि दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर असते. इंजिन चालू असताना बरेचसे ऑइल वर, हेडमध्ये आणि नळ्यांमध्ये असते. गाडी बंद करून लगेच पट्टी काढली तर चेंबरमध्ये ते कमी दिसते. म्हणजे घाई केली तर गाडीला ऑइल कमी आहे असे वाटते आणि गरज नसताना वरून ओतले जाते. दुसरीकडे, गरम ऑइल फुगते. चार लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले की सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटरने वाढते. दोन खुणांमध्ये लिटरभर धरले तर हा फरक सहाव्या हिश्श्याइतका. त्यामुळे पूर्ण थंड इंजिनात तेच ऑइल किंचित खाली दिसते.

बहुतेक कंपन्या सांगतात ते असे : इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि मग बघा. काही कंपन्या थंड इंजिनात बघायला सांगतात. मॅन्युअलमधले वाक्य मेकॅनिकच्या सल्ल्यापेक्षा वरचे मानावे, कारण पट्टीवरच्या खुणा त्याच पद्धतीला धरून आखलेल्या असतात.

मॅन्युअल हरवले असेल, जुन्या गाडीचे बहुधा हरवलेलेच असते, तर सकाळी पहिली चावी फिरवण्याआधी बघणे हा सोयीचा मार्ग आहे. रात्रभर सगळे ऑइल खाली उतरलेले असते, हात भाजत नाही आणि पंखा अचानक सुरू होण्याची भीती नसते. आकडा थोडा कमी दिसेल, एवढे लक्षात ठेवायचे. महत्त्वाचे हे की दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने बघावे. एकदा गरम, एकदा थंड, एकदा उतारावर असे तीन वेळा बघितले तर तीन वेगळी उत्तरे येतील आणि तिन्हींवरून काही ठरवता येणार नाही.

जागा सपाट आहे, हे कशावरून?

इथे सर्वाधिक फसगत होते, कारण डोळ्याला उतार दिसत नाही. अपार्टमेंटचा रॅम्प, रस्त्याच्या कडेला नालीकडे झुकलेला भाग, अर्धे चाक फुटपाथवर चढवून लावलेली गाडी. चेंबर साधारण ४० सेंटीमीटर लांब धरले आणि जमीन वीसास एक एवढीच कललेली असली, तरी मध्यापासून काठापर्यंत ऑइलची पातळी एक सेंटीमीटरने बदलते. पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतरच अनेक गाड्यांत दोन सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे अर्धी पट्टी केवळ उताराने खाल्ली. पट्टी चेंबरच्या ज्या टोकाला उतरते ते टोक खाली असेल तर ऑइल जास्त दिसते, वर असेल तर कमी.

पेट्रोल पंपाचे आवार बऱ्यापैकी सपाट असते. मोठ्या दुकानांच्या तळघरातले पार्किंगही चालते, रॅम्प सोडून. घरासमोरची जागा तपासायची असेल तर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून बुडबुडा कुठे जातो ते पाहावे. गवंडी लेव्हल बघतो तसे.

पट्टी कशी वाचायची?

पहिल्यांदा ओढलेली पट्टी वाचायची नसते. गाडी चालताना ऑइल नळीत उडालेले असते आणि ते पट्टीला वरपर्यंत चिकटते. ती काढायची, स्वच्छ फडक्याने किंवा टिश्यूने पुसायची. गॅरेजमधला दोऱ्यांचा वेस्ट टाळलेला बरा, त्याचे धागे पट्टीला लागून आत जातात. मग पट्टी सावकाश, तळापर्यंत, मूठ नळीच्या तोंडावर घट्ट बसेपर्यंत घालायची. अर्धा सेंटीमीटर वर राहिली तर वाचन तेवढेच चुकते, आणि घाईत ती बऱ्याचदा वर राहतेच. क्षणभर थांबून सरळ बाहेर काढायची.

काढल्यावर बरेच जण ती तलवारीसारखी टोक वर करून उजेडात धरतात. तेवढ्यात ऑइल मुठीकडे ओघळते आणि गाडी ‘फुल्ल’ दिसू लागते. टोक खाली किंवा पट्टी आडवी, असेच धरायचे. मग दोन्ही बाजू बघायच्या. नळीला घासून एका बाजूला ऑइलची रेघ वर चढलेली असते, ती पातळी नाही. सलग, पूर्ण रुंदीचा थर कुठे संपतो ते पाहायचे आणि दोन बाजूंत फरक असेल तर खालची मानायची. शंका आली तर पुन्हा पुसून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दोन वाचने जुळली की झाले.

खुणा प्रत्येक गाडीत वेगळ्या. कुठे ‘मिन’ आणि ‘मॅक्स’, कुठे ‘एल’ आणि ‘एच’, कुठे नुसती दोन छिद्रे, कुठे जाळीदार कोरलेला पट्टा. त्या दोन खुणांच्या मध्ये कुठेही ऑइल असले तरी ते योग्यच असते. वरच्या खुणेला टेकलेच पाहिजे, असा नियम नाही. लांबच्या प्रवासाआधी मात्र ते वरच्या अर्ध्यात असलेले चांगले.

नुकतेच बदललेले ऑइल वाचणे सर्वांत अवघड. ते इतके स्वच्छ, पातळ आणि पिवळसर असते की पट्टीवर दिसतच नाही. पट्टी पांढऱ्या टिश्यूवर हलकी टेकवली की ओला डाग कुठवर उमटतो त्यावरून पातळी कळते. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने मारला तर ऑइलची चकाकी कुठे संपते ते दिसते. वयस्कर चालकांना याचा चांगला उपयोग होतो.

ऑइल काळे आहे, म्हणजे खराब?

रंगावरून ऑइल बदलायला लावणे हा काही गॅरेजचा जुना उद्योग आहे. डिझेल गाडीत नवे ऑइल काही दिवसांतच काळे होते. काजळी उचलून धरणे हे त्याचे कामच आहे. पेट्रोल गाडीतही ते तपकिरी होत जाते. ‘बघा साहेब, किती काळं झालंय’ या वाक्यावर पैसे काढण्याआधी किलोमीटर आणि महिने मोजावेत.

दुधाळ, चहासारखे ऑइल मात्र गंभीर. कुलंट ऑइलमध्ये मिसळल्याची, हेडगॅस्केट गेल्याची ती खूण असू शकते. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडासा पिवळट फेस असेल आणि पट्टीवर काही नसेल, तर तो बहुधा पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्यांनी साचलेला ओलावा असतो. बोटांत चोळल्यावर धातूचे चमकते कण लागले, तर कोणत्याही घरगुती उपायात वेळ घालवू नये.

पातळी वाढली कशी?

ऑइल घातले नाही, तरी पातळी वर गेलेली दिसते, तेव्हा मालक खूश होतो. खूश होण्यासारखे त्यात काही नसते.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो भरला की गाडी जास्तीचे डिझेल फवारून काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालणे लागते. सिडकोतून चिकलठाणा एमआयडीसीत जायचे, चार किलोमीटर, मध्ये सिग्नल, पोहोचल्यावर गाडी बंद. ती सफाई दर वेळी अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढते आणि ऑइल पातळ होते. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल, तर ते बदलावे लागते, थोडे काढून भागत नाही. अशा गाडीला अधूनमधून जालन्यापर्यंतची सलग फेरी मानवते.

थेट इंधन फवारणीच्या पेट्रोल गाड्यांत याचीच वेगळी तऱ्हा. शहरात छोट्या फेऱ्या करताना ऑइल जळते आणि तितकेच पेट्रोल त्यात मिसळते. पट्टी म्हणते, सगळे ठीक. मग गाडी ‘समृद्धी’वर येते, ऑइल तासभर चांगले तापते, मिसळलेले पेट्रोल उडून जाते आणि खरी पातळी उघडी पडते. निघताना बरोबर होते आणि नागपूरला पोहोचल्यावर खाली गेले, असा अनुभव सांगणाऱ्यांवर अविश्वास दाखवू नये. पट्टी पोहोचल्यावरही बघावी, ती यासाठी.

पैसे दिलेत, तर डबा पूर्ण ओता?

ऑइल कमी पडण्याइतकेच जास्त होणेही वाईट, आणि आपल्याकडे त्याचे कारण बहुतेकदा डब्यात दडलेले असते. बाजारात ऑइल साडेतीन लिटरच्या डब्यात मिळते. इंजिनला लागते तीन किंवा सव्वातीन. उरलेले पाव लिटर मेकॅनिकने परत दिले तर ते घरी सांडेल, ठेवायचे कुठे? मग ग्राहकच म्हणतो, ‘टाकून द्या सगळं.’ कधी जुने ऑइल पूर्ण निथळण्याआधीच बोल्ट बसवला जातो आणि वर मापाने नवे ओतले जाते. परिणाम तोच.

वरच्या खुणेपलीकडे फार गेले की फिरणारा क्रँक ऑइलला लागतो आणि ते घुसळले जाते, ताक घुसळावे तसे. फेसाळलेल्या ऑइलमध्ये हवा असते, आणि हवा दाब धरत नाही. म्हणजे ऑइल जास्त असूनही बेअरिंगला ते कमी पडते. सील गळू लागतात. वाफांसोबत ऑइल इनटेकमध्ये जाते, जळते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. एक-दोन मिलिमीटर जास्त असल्याने घाबरण्याचे कारण नाही, पण खुणेच्या वर बोटभर असेल तर काढून घ्यावे.

भरताना पाव लिटरच्या टप्प्याने भरावे. ओतायचे, काही मिनिटे थांबायचे, पुन्हा पट्टी. गरम हेडवरून ऑइल खाली उतरायला वेळ लागतो. ओतल्या ओतल्या बघितले तर ते कमी दिसते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. आणि ओतताना झाकणाभोवतीची धूळ आधी पुसावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बॉनेटखाली धुळीचा थर नसलेली गाडी दाखवून बक्षीस मिळवावे.

कोणते ऑइल, यावर एकच सांगण्यासारखे. नव्या पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० सारखे पातळ ऑइल सांगते आणि मेकॅनिक म्हणतो, आपल्या ४२ अंशांच्या उन्हात हे चालत नाही, जाड घ्या. पण थर्मोस्टॅट इंजिनला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात साधारण ९० अंशांच्याच आसपास ठेवतो. बाहेरच्या उन्हाने तिथे मोठा फरक पडत नाही, आणि नव्या इंजिनातले बारीक मार्ग पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. मॅन्युअलमध्ये पर्याय दिला असेल तरच बदल करावा.

दुचाकी आणि पट्टी नसलेल्या गाड्या

वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात आणि या शहरातली बहुसंख्य घरे आजही दुचाकीवरच चालतात. ‘समृद्धी’वर दुचाकीला परवानगी नाही, पण ऑइलचा प्रश्न तिथे जास्त टोकाचा आहे. १०० सीसीच्या बाईकमध्ये ऑइल असते लिटरभर. त्यातले पाव लिटर गेले म्हणजे चौथा हिस्सा गेला. बाईक साइड स्टँडवर कललेली असताना बघणे निरर्थक, ती मेन स्टँडवर सरळ हवी. झाकणालाच जोडलेली पट्टी असेल तर अनेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. फिरवून बसवली तर ती खोल जाते आणि कमी असलेले ऑइल पुरेसे दिसते. काही बाईकला पट्टीऐवजी काचेची छोटी खिडकी असते, तिथे नुसते वाकून बघितले तरी काम होते.

बीएमडब्ल्यूसारख्या काही महागड्या गाड्यांत पट्टीच नाही, पातळी स्क्रीनवर दिसते. ती मोजण्यासाठी गाडी सपाट जागी, गरम आणि ठरलेल्या स्थितीत असावी लागते. म्हणजे नियम तेच, फक्त फडके वाचले. पण सेन्सर वास घेत नाही आणि रंगही सांगत नाही.

गॅरेजमधून गाडी घेताना

सर्व्हिस सेंटरच्या बिलावर ‘ऑइल बदलले’ लिहिलेले असते, किती भरले तेही असते. पट्टी बघून गाडी देतात, असे गृहीत धरू नये. गाडी ताब्यात घेताना आवारातच, कर्मचाऱ्यासमोर पट्टी काढून दाखवायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि चांगल्या ठिकाणी कुणी त्यावर नाराज होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पुन्हा एकदा बघावे. त्याच वेळी गाडीखाली जमिनीवर पुठ्ठा सरकवून ठेवला तर ड्रेन बोल्ट किंवा फिल्टर नीट बसला आहे की नाही, हे थेंबांवरून कळते. गतिरोधकावर चेंबर घासल्यावरही हीच पुठ्ठ्याची युक्ती. चेंबरला दगड लागून ऑइल गळत असताना ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी दामटली, तर त्यानंतर झालेले इंजिनचे नुकसान विमा कंपनी मालकाच्या माथी मारू शकते.

पट्टी परत घालताना मूठ पूर्ण बसली का, ते हाताने दाबून बघावे. सैल राहिली तर नळीतून वाफा आणि ऑइलचे शिंतोडे उडत राहतात, काही गाड्यांत त्याने इंजिनही खडखडते. मग बॉनेट लावण्याआधी मोबाइलवर पट्टीचा फोटो आणि त्याखाली किलोमीटरचा आकडा. पुढच्या हजार किलोमीटरनंतरचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला की गाडी ऑइल खाते की नाही, या प्रश्नावर गॅरेजवाल्याशी वाद घालावा लागत नाही.